घटकाभराची भूल

मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुलांची सुंता, पिशवीचे क्युरेटिंग, निखळलेला खांदा किंवा मोडलेले मनगट बसविणे, दुर्बिणीतून आतड्याची तपासणी, अशी जी कामे करून घेण्यासाठी एका पिढीपूर्वी रुग्णाला दवाखान्यात आठ-आठ दिवस खाट अडवून पडावे लागे आणि त्याच्या शुश्रूषेसाठी घरातले एक माणूस कामधंदा सोडून उशाशी बसवावे लागे, त्यांपैकी बहुतेक आता सकाळी येऊन सायंकाळी घरी जाण्याजोगी झाली आहेत. आणि यात रुग्णाचे व त्याच्या खिशाचे जे हित झाले ते नाकारण्याचे काहीच कारण नाही. परंतु शस्त्रक्रिया लहान म्हणून भूलही लहान, आणि भूल लहान म्हणून तिची राखणही जुजबी चालेल, असा जो समज या सोयीच्या मागोमाग रूढ झाला आहे, तो वैद्यकाच्या इतिहासात फार महाग पडलेला आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत वैद्यकीय शिक्षणाची परंपरा मोठी असूनही बाह्यरुग्णांच्या बधिरीकरणापुरती ती नेमक्या जागी पोचलेली नाही, असे मला वाटते, आणि का वाटते ते येथे तपशिलाने मांडावयाचे आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टनने ईथरचा जाहीर प्रयोग केला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये कलकत्त्यास ईथर वापरले गेले, आणि नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. त्यानंतर पुरते तीन महिने लोटले नव्हते तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिले असता काही मिनिटांत मरण पावली. क्लोरोफॉर्मने झालेला नोंदीतला पहिला मृत्यू तो हाच. शस्त्रक्रिया नखाची, जागा तिच्या राहत्या घराची, आणि संध्याकाळी ती मुलगी हिंडू-फिरू लागेल अशी सर्वांची अपेक्षा. म्हणजे आज ज्याला आपण बाह्यरुग्ण बधिरीकरण म्हणतो त्याच प्रकारातला हा प्रसंग होता.

क्लोरोफॉर्म श्वास थांबवून मारते की हृदय थांबवून, हा वाद पुढे अर्धशतक चालला, आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या शेजारी हैदराबादेस लिहिला गेला. ज्या निजामाच्या राज्यात तेव्हा मराठवाडाही मोडत होता, त्याच्या खर्चाने एडवर्ड लॉरी यांनी १८८८ व १८८९ साली दोन चौकशी-मंडळे बसविली. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन मुद्दाम आले. रुपाबाई फर्दुनजी या पारशी महिला त्याच काळात हैदराबादेस क्लोरोफॉर्म देण्याचे काम शिकल्या, आणि जगातील आद्य स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. मंडळांचा निष्कर्ष असा की धोका श्वासाकडून येतो, सबब नाडीकडे न पाहता श्वासाकडेच पाहावे. १९११ साली गुडमन लेव्ही याने दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मच्या अमलात हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो, तेव्हा लॉरींचा निष्कर्ष अर्धा खोटा ठरला. तरी भूल देणाऱ्याची नजर रुग्णाच्या श्वासावरून क्षणभरही ढळू नये हा त्यांचा आग्रह मात्र खोटा ठरलेला नाही. सिद्धांत चुकीचा आणि शिस्त बरोबर, असे शास्त्रात क्वचित घडते, आणि घडते तेव्हा शिस्त टिकते.

दिवसाच्या दिवशी घरी पाठविण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया दोघांनी घातला असे मानण्याचा प्रघात आहे. ग्लासगोचे जेम्स निकोल यांनी १९०९ साली मुलांवर बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की तान्ह्या मुलाला आईच्या कुशीपेक्षा चांगली खाट रुग्णालय देऊ शकत नाही. पण ते म्हणताना त्यांनी घरोघर जाऊन मुलांची पाहणी करणाऱ्या परिचारिकांची तजवीज केली होती, आणि निकोल यांचा दाखला उत्साहाने देणारे लोक नेमका हा अर्धा भाग विसरतात. दुसरे अमेरिकेतील राल्फ वॉटर्स. त्यांनी सू सिटी या गावात भर वस्तीत भूल देण्याचा एक स्वतंत्र दवाखाना चालविला व १९१९ साली त्याविषयी लिहिले. पुढे १९२७ साली हेच वॉटर्स विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि बधिरीकरणाच्या पद्धतशीर पदव्युत्तर शिक्षणाची जी पहिली विद्यापीठीय शाळा गणली जाते ती त्यांनी तेथे उभी केली. गल्लीतल्या लहान दवाखान्यात एकट्याने भूल देताना काय काय अंगावर येते हे ज्याने भोगले होते, तोच त्या विषयाचा पहिला मोठा शिक्षक झाला. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे, आणि या लेखाचा रोख त्यावरच आहे.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे मिशनरी शल्यवैद्य १८८९ साली सांगलीस आले, तेथून मिरजेस गेले, आणि १८९४ साली त्यांचे रुग्णालय तेथे उघडले. एकोणिसावे शतक सरण्यापूर्वीच तेथे वैद्यकाचे वर्गही सुरू झाले. दूरदूरच्या संस्थानांतून व ब्रिटिश मुलखातून रुग्ण मिरजेच्या स्टेशनावर उतरू लागले ते तेव्हापासून. १९६२ साली मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि सांगलीचे शासकीय रुग्णालय त्याला जोडले गेले. कराडला १९८४ साली कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, सांगलीस भारती विद्यापीठाचे महाविद्यालय आले, आणि २०२१-२२ च्या शैक्षणिक वर्षापासून साताऱ्यालाही शासकीय महाविद्यालय मिळाले. कृष्णाकाठच्या शे-सव्वाशे किलोमीटरांच्या पट्ट्यात इतक्या संस्था असणे ही महाराष्ट्रातील फार थोड्या ग्रामीण भागांच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे. तेव्हा येथे शिकविणाऱ्यांची वाण आहे असे कोणी म्हणू नये.

शिक्षणाची रचना मात्र पाहिली पाहिजे. भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९४७ साली मुंबईत स्थापन झाली, आणि आज तीन वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम हा या विषयातील राजमार्ग आहे. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याला हा विषय शस्त्रक्रियेच्या पोटात शिकविला जातो. त्याची स्वतंत्र परीक्षा होत नाही, आणि ज्याची परीक्षा नाही ते विद्यार्थी कसे वाचतात हे प्रत्येक अध्यापकाला ठाऊक आहे. ग्रामीण भागात बाळंतिणींचे प्राण वाचावेत म्हणून केंद्र शासनाने साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अठरा आठवड्यांचे जीवरक्षक बधिरीकरणाचे शिक्षण देण्याची योजना काढली. ती तातडीच्या प्रसूती-शस्त्रक्रियेपुरती होती व तेवढ्यापुरती योग्यच होती. पण त्या अठरा आठवड्यांच्या बळावर सर्व प्रकारच्या भुली देण्याचा परवाना मिळाला असे समजणे हा तिचा गैरवापर होय. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेने पाच वर्षांत तीस गुणांकांच्या निरंतर शिक्षणाची अट घातली आहे. ही अट चांगली आहे. मात्र हे गुण हॉटेलातल्या सभागृहात खुर्चीवर बसून मिळविता येतात, आणि श्वासमार्ग बंद पडलेल्या रुग्णापुढे खुर्चीवर बसून मिळविलेले ज्ञान फारसे कामास येत नाही.

महाविद्यालयाच्या शस्त्रक्रियागृहात जो विद्यार्थी तीन वर्षे शिकतो त्याच्या मागे वरिष्ठ उभे असतात, शेजारच्या टेबलावर दुसरा सहकारी असतो, रिकव्हरीत प्रशिक्षित परिचारिका असते, खाली रक्तपेढी आणि वर अतिदक्षता विभाग असतो. पदवी घेऊन तो बाहेर पडतो आणि, सातारा-सांगलीतील बहुसंख्य भूलतज्ज्ञांप्रमाणे, कोणत्याही एका रुग्णालयाचा न राहता, गाडीत आपली बॅग टाकून सकाळी एका नर्सिंग होममध्ये हर्निया, दहाला दुसऱ्या ठिकाणी क्युरेटिंग, बाराला तिसऱ्या ठिकाणी फ्रॅक्चर असा फिरतीचा धंदा करू लागतो. तेथे वरिष्ठ नाहीत, सहकारी नाही, आणि रिकव्हरी म्हणजे जिन्याशेजारची एक खोली, जिच्यात बसलेली मुलगी कोठेही न शिकता पाहून पाहून शिकलेली असते. ज्या परिस्थितीत त्याला उभे आयुष्य काढावयाचे आहे तिचा एक दिवसही त्याने विद्यार्थी असताना पाहिलेला नसतो. दोष त्याचा नाही. त्याला मोठ्या शहराच्या रस्त्यावर गाडी शिकवून घाटात सोडून दिले आहे.

अमेरिकेत हार्वर्डच्या रुग्णालयांनी १९८६ साली भूल देतानाच्या देखरेखीचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांतले पहिले कलम कोणत्याही यंत्राचे नव्हते; भूल देणाऱ्याने शस्त्रक्रिया चालू असताना खोलीत सतत हजर राहावे, एवढेच ते होते. हे लिहून ठेवण्याची गरज का पडावी, असे वाचकाला वाटेल. परंतु शल्यवैद्याने स्वतःच मणक्यात सुई घालून भूल द्यावी, मग हात धुऊन स्वतःच शस्त्रक्रियेस लागावे आणि रक्तदाबाकडे वॉर्डबॉयने पाहावे, हा शिरस्ता लहान गावांत दीर्घकाळ चालत आला, आणि तो पुरता मोडला आहे असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. यंत्रांनी पुष्कळ मदत केली हे खरे. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली रक्त न काढता त्यातील प्राणवायू मोजण्याची युक्ती शोधली, आणि आज बोटाला चिमट्यासारखे लावावयाचे ते यंत्र गावच्या औषध दुकानातही मिळते. १९५४ साली बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील सुमारे सहा लक्ष भुली तपासल्या, तेव्हा भुलीमुळे दर १,५६० रुग्णांमागे एक दगावतो असे आढळले होते. प्रगत देशांत धडधाकट रुग्णांच्या बाबतीत ते प्रमाण आता लक्षामागे एकाच्याही खाली गेले आहे असे सामान्यतः मानले जाते. पण बोटावरचा आकडा उतरू लागला की काय करावयाचे हे ठाऊक असलेला माणूस खोलीत नसेल, तर यंत्र केवळ मृत्यूची वेळ सांगते.

बाह्यरुग्णाचा धोका तीन ठिकाणी असतो: घरून निघण्यापूर्वी, टेबलावर, आणि घरी परतताना. टेबलावरचा धोका सर्वांना दिसतो म्हणून शिक्षण त्याचेच दिले जाते. पहिल्याची गंमत अशी की तो पुष्कळदा एका कप चहात सामावलेला असतो. स्वच्छ पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालते, हलक्या खाण्यानंतर सहा तास थांबावे लागते, तळकट जेवणानंतर आठ. आणि दुधाचा चहा पाण्यात नव्हे, खाण्यात मोडतो. आमच्याकडे मात्र चहा म्हणजे काही खाणे नव्हे. आटपाडीहून वा पाटणच्या खोऱ्यातून पहाटेची एस.टी. धरून निघालेला माणूस स्टँडवर एक कप चहा घेतल्याखेरीज राहत नाही, आणि ‘काही खाल्लंय का?’ या प्रश्नाला पूर्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतो. त्याला चहाविषयी वेगळे विचारले पाहिजे. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी आला आहे काय, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे काय, रात्री घोरताना श्वास अडकतो काय, बाईमाणूस असल्यास मिश्री लावते काय, हेही असेच विचारावे लागते. रुग्ण शस्त्रक्रियेच्या दिवशीच प्रथम भूलतज्ज्ञाच्या दृष्टीस पडत असेल, तर या प्रश्नांना वेळ कोठून मिळणार? प्रकृतीच्या प्रतवारीची अमेरिकन पद्धत १९४१ पासून जगभर रूढ आहे, आणि दिवसाच्या दिवशी घरी पाठवावयाचे ते पहिल्या-दुसऱ्या प्रतीचे व आजार काबूत असलेले तिसऱ्या प्रतीचे रुग्ण, हा संकेतही सर्वश्रुत आहे. अडचण संकेताची नाही, तो लावण्यासाठी लागणाऱ्या आदल्या दिवशीच्या अर्ध्या तासाची आहे.

तिसऱ्या ठिकाणाविषयी मला थोडे सविस्तर लिहावयाचे आहे, कारण तेथे शिक्षण सर्वांत कमी आणि गाफीलपणा सर्वांत जास्त. १९७० साली अल्द्रेते यांनी हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि वर्ण अशा पाच लक्षणांना प्रत्येकी दोन गुण देऊन दहांपैकी नऊ झाल्याखेरीज रुग्णाला रिकव्हरीतून हलवू नये अशी रीत घालून दिली. पुढे वर्णाच्या जागी प्राणवायूचे मोजमाप आले. परंतु रिकव्हरीतून बाहेर पडण्यास योग्य होणे वेगळे आणि घरी जाण्यास योग्य होणे वेगळे. त्यासाठी कॅनडातील फ्रान्सिस चुंग यांनी निराळी गुणपत्रिका तयार केली, जिच्यात चालता येणे, मळमळ, वेदना व रक्तस्राव यांची पाहणी होते. मणक्यातली भूल दिली असेल तर पाय पुरते जागे होऊन लघवी झाली की नाही हेही पाहावे लागते. या दोन्ही पत्रिका एका पानाच्या आहेत आणि दहावी उत्तीर्ण झालेली कोणतीही मुलगी आठवडाभरात त्या भरावयास शिकू शकते. तरीही जिन्याशेजारच्या खोलीत ‘डोळे उघडले, नाव सांगितले, आता नेता येईल’ एवढ्यावर काम भागते; आणि मग ज्याने चोवीस तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये आणि एकटे राहू नये असे शास्त्र सांगते, तो माणूस भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून, कधी दोघांच्या मध्ये दाबून, जतच्या रस्त्याला लागलेला दिसतो. ऊसतोडणीच्या हंगामात कोपीत परतणाऱ्या बाईच्या सोबतीला जबाबदार माणूस कोण, हा प्रश्न तर विचारलाच जात नाही.

न्यायालयांनी या बाबतीत डॉक्टरांपेक्षा आधी विचार केला आहे, असे म्हणण्याजोगा एक दाखला महाराष्ट्रातलाच आहे. १९५३ च्या मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाला पुण्यास आणले असता, पुरेशी भूल न देता केवळ मॉर्फियाच्या आधारे जोर लावून हाड बसविले गेले आणि तो दगावला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने प्रसिद्ध असलेला तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २ मे १९६८ रोजी न्यायालयाने डॉक्टरच्या कर्तव्यांची मांडणी करताना पहिले कर्तव्य असे सांगितले की हा रुग्ण आपण हाती घ्यावा की नाही हे त्याने दक्षतेने ठरवावे. नुकसानभरपाई तीन हजार रुपयांची होती. पण ते वाक्य बाह्यरुग्ण बधिरीकरणाच्या प्रत्येक वर्गात पहिल्या तासाला सांगावे इतक्या मोलाचे आहे. पुढे १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली, तेव्हापासून संमतीपत्रांची पाने वाढली. पाने वाढली म्हणून समजूत वाढली असे झाले नाही. छापील कागदावर अंगठा घेणे आणि रुग्णाला भुलीविषयी त्याच्या बोलीत दोन शब्द सांगणे यांत जे अंतर आहे ते कायदा भरून काढू शकत नाही.

शिबिरांचा विषय थोडक्यात आटोपतो. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका दिवसात ८३ स्त्रियांच्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि शिबिरांतून परतलेल्या तेरा जणी मरण पावल्या. एका पथकाने दिवसात तीसपेक्षा अधिक शस्त्रक्रिया करू नयेत असा नियम दफ्तरी असतानाची ही गोष्ट. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. इंग्लंडने दातांच्या दवाखान्यांत पूर्ण भूल देणे २००१ च्या अखेरीपासून बंद केले, तेही मुलांचे मृत्यू झाल्यानंतरच. सुरक्षिततेचे नियम बहुधा असेच, कोणाचा तरी जीव गेल्यावर जन्मास येतात.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासणी-यादी आठ शहरांत, दिल्ली धरून, वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. ती यादी आमच्या मोठ्या रुग्णालयांच्या भिंतीवर लागली आहे. लहान नर्सिंग होमला तिची गरज अधिक, कारण तेथे विसरलेली गोष्ट आठवून देणारा दुसरा कोणी नसतो. दिव्यांचेच पाहा: १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससूनमध्ये क्लोरोफॉर्मखाली गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. शंभर वर्षांनंतर इन्व्हर्टर चालू आहे की नाही हे शस्त्रक्रियेपूर्वी पाहणे यादीत असावे की नसावे, याचे उत्तर त्या रात्रीने देऊन ठेवले आहे.

करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयांत काम करणे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आता सक्तीचे केले आहे. मिरज, कराड व सातारा येथील बधिरीकरण विभागांनी ही मुदत मोठ्या इमारतीत हजेरी लावण्यात न दवडता कराड-इस्लामपूरसारख्या उपजिल्हा रुग्णालयांत, लहान टेबलापाशी आणि विशेषतः रिकव्हरीत घालवावयास लावावी. त्याच विभागांनी खासगी नर्सिंग होममधील परिचारिकांसाठी आठवड्याचा वर्ग चालवावा, ज्यात व्याख्यान एक तास आणि उरलेला वेळ पुतळ्यावर श्वास देण्याचा सराव. आणि १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखालील नोंदणीचे नूतनीकरण करताना रिकव्हरीत बसणाऱ्या व्यक्तीने हा वर्ग केला आहे की नाही हे विचारले जावे. निकोल यांच्या घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांची जागा आपल्याकडे उपकेंद्राची नर्स आणि आशाताई घेऊ शकतील. दुसऱ्या दिवशी सकाळी एक फेरी किंवा निदान एक फोन, एवढीच मागणी आहे. हे सारे शासनाच्या फर्मानाची वाट न पाहता तिन्ही विभागप्रमुखांनी एका बैठकीत ठरविता येण्यासारखे आहे. तोपर्यंत वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोणाची अशी घटकाभराची शस्त्रक्रिया ठरली असेल त्यांनी भूल कोण देणार, शुद्धीवर येईपर्यंत शेजारी कोण बसणार आणि भूलतज्ज्ञ किती वाजता निघणार, हे तिन्ही विचारून मगच संमतीपत्रावर सही करावी.